गवताआडची काच

मला अंधाराची भीती कधीच वाटली नाही. मला अंधाराचा राग येतो. भित्री माणसं अंधारात गप्प बसतात, मी भांडते. त्यामुळे सांगलीच्या हळदीच्या पेठेत, रणरणत्या उन्हात वाढलेली मुलगी महाबळेश्वरच्या घरात द्यायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांना पुढे माझ्याकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

लढाईचे दिवस होते. आमचे हे तिथे पोस्टात कारकून. घरात हे, सासूबाई आणि मी, इतकीच माणसं. घर स्वतःचं, तीन खोल्यांचं, जांभ्याचे चिरे मातीत बसवून बांधलेलं. उन्हाळ्यात पाहुणे येत आणि "काय हो गारवा तुमच्याकडे!" म्हणत. पावसाच्या तोंडावर पाहुणे जात, बाजारातली निम्मी दुकानं फळ्या लावून खाली वाईला उतरत, आणि तो गारवा सगळा आमच्या वाट्याला येई.

पश्चिमेला एकच मोठी खिडकी होती. तिला जाड लाकडी झडपा. लग्नानंतरच्या वैशाखात, पहिले ढग उतरले तेव्हा मी त्या हौसेने उघडल्या, तर ढग आत आला. ढग घरात येतो हे ऐकायला छान वाटतं; तो अंथरुणावर येऊन बसला की कळतं. सासूबाईंनी त्याच दिवशी झडपा लावून वरून खिळे ठोकायला लावले. तिथून पुढे भर दुपारी कंदील. रॉकेल रेशनवर, म्हणून कंदीलही एकच. तो ज्या खोलीत जाई तेवढंच घर, बाकीचं नुसत्या अंदाजाने.

सासूबाईंना मात्र हे मानवलेलं होतं. कुठला डबा कुठे, तिखट कुठे, मीठ कुठे, सगळं त्यांच्या हाताला पाठ. त्या अंधारात भराभर वावरत आणि मी उंबऱ्याला ठेचकाळत असे. एकदा मी हिंग समजून आमटीत दात घासायची राखुंडी घातली. ह्यांनी ती आमटी न बोलता खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "सांगलीकडची चव असेल."

आषाढ लागला, आणि नव्या सुनेने आषाढात माहेरी जायचं असतं या रिवाजाचा हात धरून मी सांगलीला पळाले. महिन्यासाठी गेलेली मी दसरा आला तरी परतले नव्हते. शेवटी हे स्वतः न्यायला आले. ओसरीवर चहा पिताना, आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "खिडकीला काच बसवून घेतो. उजेड आला तर पावसाळ्यात राहशील ना?"

"राहीन."

"आणि नाही आला तर?"

"तर दर वर्षी आषाढ ते दसरा मी इथे."

ह्यांनी बोटांवर महिने मोजले आणि चहा तसाच ठेवला. मलाही ते महिने नको होते, हे इथेच सांगून टाकते. हे संध्याकाळी घरी आले की त्या दिवशीच्या पत्रांवरचे चमत्कारिक पत्ते मला सांगायचे. 'चिंचेच्या झाडासमोर राहणारे, हल्ली झाड तोडले आहे' अशा तऱ्हेचे. सांगलीला असताना मला संध्याकाळी त्या पत्त्यांवाचून करमत नसे. पण बोलून बसले होते, आणि बोललेलं मागे घेण्याची सवय मला नव्हती.

काच ठरली खरी, पण काच मिळेना. महाबळेश्वरला नाही, वाईला नाही, साताऱ्याला नाही. लढाईत काचेचं काय करत होते कोण जाणे. शेवटी फाल्गुनात मी एका लग्नासाठी सांगलीला गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते काम अंगावर घेतलं. ते पेठेत दलाल होते आणि जगातली कुठलीही वस्तू ओळखीने मिळते यावर त्यांचा विश्वास होता. चार दिवस हिंडून हात हलवत आले. पाचव्या दिवशी जेवताना त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच थांबली. भिंतीवर ओळीने देवांच्या तसबिरी होत्या.

"देवांना काच कशाला लागते?" अण्णा म्हणाले. "ते काय भिजतात?"

"आणि जावयाला कशाला लागते?" आई म्हणाली.

आईचं काही चाललं नाही. अण्णांनी आधी दत्ताची काच काढली, मग लक्ष्मीची, मग मारुतीची. गणपतीपाशी जरा घुटमळले, पण त्याचीही काढली. मग माझ्या आजोबांच्या फोटोची. आई दोन दिवस उघड्या देवांवर फडकं घालून बसली होती. बातमी पसरली तशी माणसं आपणहून येऊ लागली. शेजारचे अत्तरवाले चाचा आपल्या घरातल्या मक्केच्या चित्राची काच स्वतः पुसून घेऊन आले. "पोरीला उजेड पायजे, घेऊन जा," म्हणाले. आत्याने दोन दिल्या, शेजाऱ्यांकडून आणखी दोन आल्या. मावशीकडे काच नव्हती, म्हणून तिने आरसाच दिला, मागचा मुलामा खरवडून घ्या म्हणाली. सगळे मिळून अकरा तुकडे झाले. त्यातला एकही दुसऱ्याच्या मापाचा नव्हता.

आईने ते तुकडे जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत एकेक गुंडाळले आणि वरून माझ्या भाचीचं दुपटं बांधलं. हे गाठोडं मांडीवर घेऊन मी परत निघाले. अण्णा सोबत होते. मिरजेहून आगगाडीने वाठारला उतरलो, तिथून वाई, आणि वाईहून वर जाणारी मोटार. पेट्रोल नव्हतं म्हणून त्या वेळी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी, पुढे माणसं, आणि चढ आला की दोन्ही थंड. काच आहे असं कळलं तर गाठोडं टपावर टाकतील, म्हणून अण्णांनी मला तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं.

शेजारी एक शेतकरीण बसली होती. तिने दुपट्याकडे मायेने पाहिलं.

"किती म्हैन्याचं हाय गं?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "तीन," मी म्हणाले.

"लय गप हाय. रडत न्हाई काय न्हाई."

"झोपलंय."

"कुनावर गेलंय?"

मला दत्त आठवला, लक्ष्मी आठवली, आजोबा, अत्तरवाले चाचा, मावशी. "सगळ्यांवर थोडं थोडं," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

पसरणीच्या घाटात मोटार अपेक्षेप्रमाणे थांबली. सगळ्यांना खाली उतरवलं, पुरुषांना ढकलायला लावलं. मीही उठू लागले, तर त्या बाईने मला खांदा दाबून बसवलं. "लेकुरवाळी हाय ती, बसू दे तिला," असं तिने ड्रायव्हरला दटावून सांगितलं. मी राणीसारखी बसून राहिले आणि अण्णा धोतर वर खोचून, तोंडावर कोळशाची काजळी घेऊन मोटार ढकलू लागले. एकाएकी इंजिनाने आचका दिला. माझं डोकं पुढच्या बाकावर आपटलं आणि मांडीवर खण्ण असा आवाज झाला.

"अगं बाई, फुटलं!" मी ओरडले.

बाहेरच्या सगळ्या बाया जागच्या जागी थिजल्या. मागून अण्णा धावत आले आणि खिडकीत डोकं घालून धापा टाकत त्यांनी विचारलं, "किती तुकडे झाले?"

ती शेतकरीण मटकन रस्त्यातच बसली. दुसऱ्या एकीने रडायलाच सुरुवात केली. मग मला दुपटं सोडून दाखवावं लागलं. दत्ताच्या काचेचे दोन तुकडे झाले होते, बाकी सगळं धड होतं. त्या बाईने काचा पाहिल्या, मला पाहिलं, अण्णांना पाहिलं. पांचगणी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. उतरताना फक्त एवढंच म्हणाली, "आन् मी मगाधरनं त्याची दिष्ट काढतीया!"

अकराचे बारा झाले ते असे.

वाईहून मिस्त्री बोलावले. म्हातारे होते, बैलगाड्या, पाळणे आणि दारं करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण काचेची खिडकी त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी बारा तुकडे जमिनीवर मांडले आणि बिडी ओढत बघत बसले. एक दिवस तसा गेला. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची माणसं सल्ला द्यायला जमली. कोणी म्हणे मोठी काच खाली घ्या, कोणी म्हणे वर. ह्यांनी कचेरीतून आल्यावर दोन तुकडे उलटे करून पाहिले आणि मिस्त्रींनी ते परत सुलटे केले. तिसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता मिस्त्रींनी चौकट जोडली. खडू आणि जवसाचं तेल मळून काचा बसवल्या. आरशाचा मुलामा मात्र पुरता निघेना.

"मधी थोडा ऱ्हाऊ द्या, वैनी," ते मला म्हणाले. "त्वांड बघायला हुईल."

अशी आमची खिडकी झाली. कुठे वीतभर काच, कुठे चार बोटं, सगळीकडे लाकडाच्या पट्ट्या. दत्ताच्या तुकड्यावर जुन्या गंधाचा एक डाग होता, तो कशानेही गेला नाही. मधोमध मुलाम्याचा तळहाताएवढा पट्टा. हे सकाळी त्यात बघून दाढी करत. ह्यांच्या साबण लावलेल्या तोंडाभोवती सगळी कोयनेची दरी पसरलेली असायची.

चैत्र-वैशाख मी त्या उजेडात अक्षरशः नाचत होते. गावातली माणसं खिडकी बघायला येत, मी त्यांना चहा करून देत असे. सासूबाईंना तेवढं कौतुक नव्हतं. त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या, पदर कपाळावर खाली ओढायच्या. "डोळ्यांवर येतं," म्हणायच्या. एकदा भर उजेडात त्यांच्या पायाने पाण्याची कळशी लवंडली, तर म्हणाल्या, "वस्तू जागच्या हलवतेस, मग काय होणार?" कळशी जागच्या जागी होती. मी रात्री ह्यांना सांगितलं, "मुद्दाम करतात. माझी खिडकी त्यांना बघवत नाही." हे म्हणाले, "असू दे." हे कायम 'असू दे'च म्हणायचे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी आधी सांगितली नाही, कारण आम्हांला कोणालाच ती आधी आठवली नाही.

महाबळेश्वरला पावसाळ्याच्या तोंडावर घरं गवताने झाकतात. मातीत बसवलेल्या भिंतींना तो पाऊस लागला तर दोन-तीन वर्षांत घर विरघळून दरीत जाईल. म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसं येतात आणि बांबूच्या चौकटींवर गवत दाबून बांधलेल्या तट्ट्या वळचणीपासून जमिनीपर्यंत उभ्या करतात. घराची गंजी होते. हे दर वर्षी होतं, प्रत्येक घराला होतं. माणूस श्वास घेताना विचार करत नाही तसा याचा कोणी विचार करत नाही. हे त्या घरात जन्मलेले. मिस्त्रींनी निम्मं आयुष्य त्या डोंगरावर काढलेलं. सल्ला द्यायला आलेल्या एकूण एक माणसाच्या घराला तट्ट्या लागत. मी पहिल्या पावसाळ्यात सांगलीला निघाले तेव्हा आमचं गवतात गुंडाळलेलं घर वळून वळून पाहिलं होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तीन दिवस फक्त मोठी काच वर की खाली एवढाच वाद घातला होता.

वैशाख संपताना चार माणसं गवत घेऊन आली. मी मागच्या अंगणात पापड वाळवत होते. घरात आले तर अंधार. मला वाटलं ढग आला. खिडकीशी गेले. काचा स्वच्छ होत्या, त्या मी सकाळीच पुसल्या होत्या. त्यामुळे गवत फार सुरेख दिसत होतं. बाराही तुकड्यांतून गवत. काडी न् काडी मोजता आली असती. आणि मधल्या पट्ट्यात, गवताच्या बरोबर मधोमध, माझं तोंड.

हे आले. आतून पाहिलं. बाहेर जाऊन पाहिलं. पुन्हा आत येऊन पाहिलं.

"आपण हे विसरलोच," म्हणाले.

"आपण?" मी म्हणाले.

मी बाहेर जाऊन त्या माणसांच्या म्होरक्याला गाठलं. खिडकीपुरती जागा मोकळी ठेवा म्हणून सांगितलं. तो मोठ्याने हसला नाही, पण त्याच्या मागचे तिघे हसले. "आवं वैनी," तो म्हणाला, "गवताला खिडकी कशी ठिवायची? पानी काय कडी वाजवून येतंय व्हय? जितं फट दिसंल तितनं आत शिरंल, आन् भित बसंल खाली."

"बरोबर बोललास बाबा," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी मोकळा झाला होता. "तट्टीला हात लावायचा नाही. भोक पाडलेलं मला कळलं, की त्या दिवशी मी वाईला भावाकडे जाईन. परत यायची नाही."

"आणि आषाढाच्या आत उजेड आला नाही तर मी सांगलीला," मी म्हणाले.

हे दोघींच्या मध्ये उभे होते. त्यांनी खिशातून पोस्टाचा एक रद्दी कागद काढला आणि त्याच्या पाठीवर आकृती काढायला बसले. गवताचंच एक झाकण करायचं, त्याला दोरी बांधायची, दोरी आतून ओढली की झाकण वर. आकृती फार सुंदर झाली होती. कप्पीसुद्धा दाखवली होती. ती त्यांनी खिडकीशेजारी भिंतीला चिकटवली, आणि पुढे त्याचं काही झालं नाही.

ज्येष्ठात पाऊस लागला. पुन्हा कंदील, पुन्हा ठेचा. सासूबाई पुन्हा झपाझप वावरू लागल्या, कळशी लवंडणं बंद झालं, माझ्यावर खेकसणंही कमी झालं. त्यांना बरं वाटतंय हे मला दिसत होतं आणि त्याचा मला संताप येत होता. ह्यांनी पंचांगात बघणं सोडून दिलं. मी ट्रंक भरली. भरता भरता रडले. जायचं नव्हतं, राहवत नव्हतं, आणि घरात दोन बायका एकाच वेळी निघून जायची धमकी देत असताना एक माणूस कप्पीची चित्रं काढत होता.

आषाढ लागायच्या आदल्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी खुंटीवरचा विळा काढला, डोक्यावर इरलं घेतलं, रॉकेलच्या जुन्या डब्याचा पत्रा काखेत मारला आणि पश्चिमेच्या बाजूला गेले. पाऊस इतका होता की स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. खिडकी नेमकी कुठे आहे हे बाहेरून कळेना. सगळीकडे एकसारखं गवत. अंदाजाने कापायला लागले. हातभर कापल्यावर भिंत लागली. ते भोक मी पुन्हा गवताने बुजवलं. दुसरं भोक कापलं, तिथेही भिंत. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा गंधाचा डाग दिसला. मी तिथल्या तिथे दत्ताला नमस्कार केला. मग दोन वीत लांब, दोन वीत रुंद अशी जागा मोकळी केली आणि पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून वरच्या गवतात पत्रा वळचणीसारखा खुपसला. चिंब होऊन आत यायला निघाले. येताना भांडणाची सगळी वाक्यं मनात जुळवली. ती माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली तयारी होती.

आत आले. उजेड होता. करडा, गारठलेला, पण उजेड. महिनाभर अंधारात काढलेल्या माझ्या डोळ्यांना तो पुष्कळ होता. फडताळ दिसलं, चूल दिसली, ह्यांची कप्पी दिसली. सासूबाई खिडकीकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला होता. मी पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "विळा घेऊन बाहेर गेली होतीस. खुंटीचा आवाज आला मला. तट्टीला हात लावलास तर याद राख. मी आजच निघेन, सांगून ठेवते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच पुढे झाले आणि खिडकी आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले. माझी सावली त्यांच्या तोंडावर पडली. मी बाजूला झाले, उजेड परत आला. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांवर ताकासारखा पांढुरका पडदा होता. जवळजवळ वर्षभर मी त्यांच्याबरोबर राहिले होते. कंदिलाच्या प्रकाशात त्यांचे डोळे मी कधी पाहिले नव्हते, आणि चैत्र-वैशाखात त्यांनी मला ते पाहू दिले नव्हते.

सुपात खडे तसेच होते. त्या बोटांनी चाचपून एखादा काढत आणि चारदोन चांगले दाणे बाजूला टाकत.

अंधारात सगळेच आंधळे. तिथे त्या घराच्या मालकीण होत्या, आणि मी बारा तुकड्यांची खिडकी आणून त्यांचं ते घर काढून घ्यायला निघाले होते. मला माझी फार लाज वाटली. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ऐकलंस का?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं, सासूबाई," मी म्हणाले. "नाही लावला हात."

संध्याकाळी हे आले. दारातच थबकले, खिडकीकडे बघून त्यांचं तोंड उघडलं. मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि त्यांना मागच्या पडवीत नेऊन सगळं सांगितलं. त्या दिवशी ह्यांनी कुठलाही पत्ता सांगितला नाही. नंतर दिवाळी झाल्यावर आम्ही सासूबाईंना समजावून मिरजेला नेलं. एक डोळा डॉक्टरांनी साफ केला, दुसऱ्याला फार उशीर झाला होता. पण तो पावसाळा आम्ही दोघांनी उजेडात बसून अंधाराचं नाटक करत काढला. "कंदील जरा इकडे करा हो," मी म्हणायची आणि हे कंदील नसलेला हात उगाच हलवायचे. हे तर मधूनमधून मुद्दाम उंबऱ्याला ठेच खात आणि "आई गं" म्हणत. सासूबाई खूश व्हायच्या. "जपून रे," म्हणायच्या.

मी सांगलीला गेले नाही. काचेने बायको राखली, असं हे पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत. मी ते कधी खोडून काढलं नाही. त्या पावसाळ्यात सासूबाई रोज दुपारी तांदूळ निवडून सूप माझ्याकडे सरकवायच्या. मग मी खिडकीशी बसून तेच तांदूळ आवाज न करता पुन्हा निवडायची. त्यांना वाटायचं मी हातावर हात ठेवून बसले आहे. "सांगलीच्या मुली आळशीच," त्या म्हणायच्या, आणि मी खडे पदरात गोळा करत "हो" म्हणायची.